ताईचा नॉर्मल रिपोर्ट

अमरावतीला राजापेठेतल्या एका खासगी दवाखान्यात मी एकवीस वर्षं सिस्टर होते. त्यातली चौदा वर्षं दुर्बिणीच्या खोलीत गेली. पोटात दुर्बीण घालून आतडं तपासायची ती खोली. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, हाताला सुई लावायची, डॉक्टरांनी सांगितलं की पोटावर हात दाबून धरायचा म्हणजे आतली नळी नीट वळते, आणि शेवटी ती नळी धुऊन सुकवून कपाटात टांगायची, हे माझं काम. डॉक्टरांची नजर पडद्यावर असायची तशी माझीही असायची. आतड्याचा आतला रस्ता मला आमच्या गल्लीसारखा पाठ झाला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात मला काही कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई सतरा. दोन वर्षांनी ताईचं लग्न हिवरखेडला झालं, आणि बाबांनी मला तिच्यासोबतच पाठवून दिलं. माहेरहून पाठराखीण म्हणून आलेली मी पुढं दहा वर्षं तिथंच राहिले. ताईच्या सासरी भाजीपाल्याचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात कोबी. भाऊजी मला शाळेत सोडत, माझी पाटी-पुस्तकं घेत, आणि मी नर्सिंगला लागले तेव्हापासून थट्टेनं मला ‘सिस्टर’ म्हणायला लागले. ताई मात्र शेवटपर्यंत मला ‘लहाने’ म्हणायची.

बाबा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेले. त्यांच्यावर आमच्याच दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी उपचार केले होते. मोठे डॉक्टर म्हणजे अमरावतीत ज्यांच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत ते. बाबांच्या शेवटच्या दिवसांत ते रोज संध्याकाळी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसत, पावसापाण्याचं बोलत. बाबा गेल्यावर त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, “हा आजार घराण्यात उतरू शकतो. तुम्ही दोघी बहिणींनी दुर्बिणीची तपासणी करून घ्या. काही दुखत नसलं तरी.”

मी स्वतःची तपासणी पुढं ढकलत राहिले. ज्या टेबलाजवळ रोज उभं राहायचं त्याच टेबलावर झोपायची लाज वाटायची. ताईच्या मागं मात्र लागले. तिनंही चार वर्षं टाळलं. कधी कोबीची लागवड, कधी दिराच्या घरचं लग्न. शेवटी तिला एक्कावन्नावं लागलं तेव्हा मी फोनवर रडले, आणि ती हो म्हणाली.

तेव्हा आमच्याकडं दुर्बिणीची तपासणी दोन डॉक्टर करत. एक मोठे डॉक्टर, आणि दुसऱ्या नव्यानं आलेल्या मॅडम. मॅडम तिशीतल्या, बोलायला तुटक, हसणं कमी. मोठे डॉक्टर नळी आत घेऊन जायचे ते पेशंटला कळायचंही नाही. टोकाला पोचले की परत बाहेर यायला त्यांना तीन-चार मिनिटं लागायची. सकाळच्या नऊ तपासण्या दुपारच्या जेवणाआधी संपत. मॅडमना आत जायलाही वेळ लागायचा आणि बाहेर यायला तर फारच. एकेका घडीमागं डोकावायच्या, पाणी मारून धुवायच्या, पेशंटला उताणं करायला लावायच्या, उजवीकडचा भाग एकदा पाहून झाला की पुन्हा आत जाऊन दुसऱ्यांदा पाहायच्या. ज्याचं पोट नीट साफ झालेलं नसेल त्याला सरळ परत पाठवायच्या, “उद्या पुन्हा औषध पिऊन या.” लोक कुरकुरत. आम्ही सिस्टर, वॉर्डबॉय सगळेच कुरकुरायचो. मॅडमच्या वाराला आमची जेवणं चार वाजता होत.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. मॅडमच्या वाराला बायोप्सीच्या बाटल्या जास्त लागत. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेले कोंब. बरेचसे निरुपद्रवी, पण काहींचा पुढं कॅन्सर होतो. मॅडमना ते बऱ्याच पेशंटमध्ये सापडायचे आणि तिथल्या तिथं काढून टाकले जायचे. मोठ्या डॉक्टरांना क्वचित सापडायचे. मी मनाशी म्हणायचे, मॅडमकडं येणारे पेशंटच तसे असतील. खरं तर चिठ्ठ्या मीच लावायचे. जो वार मोकळा, तो वार पेशंटला.

ताईला मी मोठ्या डॉक्टरांचा वार दिला. बाबांचे डॉक्टर म्हणून, आणि दुसरंही एक कारण होतं. ताईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि तपासणी उरकून त्याच दिवशी आम्हा दोघींना राजापेठेत साड्या घ्यायला जायचं होतं. मॅडमचा वार तीन दिवसांनी होता. ताईला तेवढं थांबता येत नव्हतं, आणि मलाही तो दिवस हवा होता.

आदल्या दिवशी ताई माझ्या घरी आली. पोट साफ करायचं दोन लिटर पाणी पिताना तिनं नाक मुरडलं.

“हे का पाणी हाये का वो? खारट-गोड काय तं लागून राहिलं. मी नाई पेत आता.”

“ताई, अर्धं राह्यलं.”

“बस झालं. सगळं साफ झालं माह्यं. आतून घासून ठेवलेल्या गंज-भांड्यासारखी झाली मी.”

आम्ही दोघी खूप हसलो. उरलेलं पाणी मी मोरीत ओतलं. रोज पेशंटवर डाफरणारी मी, माझ्या बहिणीपुढं काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलावर होती. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “काळजी नको. तुमच्या वडिलांची लेक ना तुम्ही?” सुईतलं औषध गेलं आणि तिचे डोळे मिटले. मी तिच्या पोटावर हात ठेवून उभी राहिले. नळी सरसर आत गेली. उजवीकडच्या टोकाला, जिथं अपेंडिक्सचं तोंड दिसतं, तिथं पोचली. त्या कोपऱ्यात पिवळसर चिकट पाणी साचलं होतं. अस्तरावर शेवाळासारखा थर बसला होता. डॉक्टरांनी एकदा नळीनं ओढून पाहिलं. थोडं निघालं, बाकी तसंच राहिलं. पाण्याची पिचकारी मी हातात तयार धरली होती. त्यांनी मागितली नाही. नळी मागं यायला लागली. पडद्यावरून गुलाबी भिंती भराभर सरकत गेल्या. मी घड्याळाकडं पाहिलं आणि मनात आलं, चला, अकरापर्यंत मोकळं होऊ.

“एकदम छान,” डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. “काही नाही. पाच वर्षांनी या.”

रिपोर्ट मीच टाइप केला. मोठे आतडे शेवटपर्यंत पाहिले. नॉर्मल. पोट कितपत साफ होतं हे लिहायची एक ओळ असते. तिथं मी ‘चांगले’ असं लिहिलं.

दुपारी आम्ही साड्या घेतल्या. ताईनं मुलीसाठी मोरपंखी, स्वतःसाठी डाळिंबी. पोट रिकामं होतं म्हणून तिनं दोन प्लेट दहीवडे खाल्ले. इतकी खूश मी तिला फार दिवसांनी पाहत होते. बसमध्ये बसताना म्हणाली, “लहाने, बाबाचा आजार माह्या मागं लागला नाई वो. मले लय भेव होतं. तुले सांगतलं नाई कधी.”

मुलीचं लग्न झालं. दीड-दोन वर्षं बरी गेली. मग ताई थकायला लागली. फोनवर सांगायची, मळ्यात दोन वाफे खुरपले की बसावं लागते. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कमी निघालं, लोहाच्या गोळ्या दिल्या. भाऊजींनी त्यांना माझ्या हातचा रिपोर्ट दाखवला. डॉक्टर म्हणाले, आतडं तर नॉर्मल आहे, मग पोटातून रक्त जायचा प्रश्न नाही. मीही तेच म्हणाले. “पाळी जायच्या वयात होते असं. गोळ्या घे. पालकाची भाजी खा.”

“पालक तं आमीच पिकवतो वो,” ती म्हणाली.

सात-आठ महिने गोळ्यांवर गेले. रक्त वाढायचं, पुन्हा उतरायचं. त्या रिपोर्टवर आमचा सगळ्यांचा इतका विश्वास होता की दुसरं काही मनातच आलं नाही. तो कागद नसता तर गावातल्या डॉक्टरांनी तिला कधीच कुठंतरी पाठवलं असतं. मग एक दिवस भाच्चीचा फोन आला. “मावशी, आईच्या पोटात उजवीकडं हाताले गोळा लागते.”

मॅडम तोवर अमरावती सोडून अकोल्याला गेल्या होत्या. हिवरखेडहून अकोला जवळ. मी त्यांना फोन केला. “उद्याच आणा,” एवढंच म्हणाल्या. मी सकाळच्या बसनं मूर्तिजापूरवरून अकोल्याला पोचले, तेव्हा भाऊजी आणि ताई बाकावर बसून होते. तीन वर्षांपूर्वी घेतलेली डाळिंबी साडी ताईनं नेसली होती, आणि अंगावर ती टांगल्यासारखी दिसत होती. या वेळी पोट साफ करायचं पाणी तिनं शेवटच्या घोटापर्यंत प्यायलं होतं.

मॅडमनी मला आत उभं राहू दिलं. नळी त्याच कोपऱ्यात पोचली. त्यांनी पाणी मारलं. मला काही सांगावं लागलं नाही. अर्धी भिंत गाठीनं भरली होती. मॅडमनी तुकडे घेतले, बाटलीत घातले, मग मागं वळून न पाहता विचारलं, “आधीची तपासणी तिकडंच झालेली?”

“हो.”

“तुम्ही होतात?”

“हो.”

ताईला बाहेर नेल्यावर मॅडमनी मला आपल्या केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. मी विचारलं, “मॅडम, ही गाठ तीन वर्षांत नव्यानं आली का?”

त्या म्हणाल्या, “तुम्हाला खोटं सांगून उपयोग नाही. तेव्हा तिथं पॉलिप असणार. उजवीकडचे पॉलिप पुष्कळदा चपटे असतात. अस्तराच्याच रंगाचे, वर चिकट थर. धुतल्याशिवाय दिसतच नाहीत. घाईत तर नाहीच.”

“मग रिपोर्ट नॉर्मल कसा?”

“नॉर्मल म्हणजे आतडं नॉर्मल असं नाही, सिस्टर. बघणाऱ्याला काही दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोण बघतंय यावर ते अवलंबून असतं. ज्या डॉक्टरला पॉलिप कमी सापडतात, त्याचे पेशंट नॉर्मलचा कागद घेऊन निवांत घरी जातात, आणि पुढच्या तपासणीच्या आतच त्यातले काहीजण गाठ घेऊन येतात. हे आमच्या शास्त्राला चांगलं माहीत आहे. आणि पाच वर्षांनी या की वर्षानं या, तेही पहिल्यांदा काय सापडलं त्यावरूनच ठरतं. पहिलं पाहणंच चुकलं तर पुढची तारीखही चुकते.”

“पण सरांचा हात तुमच्यापेक्षा हलका आहे.”

“आहेच. नळी आत नेण्यात त्यांच्याइतका हात माझा कधी बसणार नाही. पण सापडतं ते बाहेर येताना.”

चहा माझ्यासमोर तसाच निवला.

ऑपरेशन अकोल्यालाच झालं. गाठ काढली, पण यकृतावर डाग आले होते. नंतर सलाईनमधून औषधं. दर तीन आठवड्यांनी ताई हिवरखेडहून यायची, मी अमरावतीहून. तिच्या हाताची शीर सापडेना तेव्हा तिथल्या सिस्टर मला सुई लावू देत. एकदा मी तिसऱ्या प्रयत्नात शीर पकडली. ताई डोळे मिटून पडली होती. म्हणाली, “तुह्या हाताची मले सवय हाये. तवाची तपासणी बी तुह्याच समोर झाली नाई का? म्हून तं मी निवांत होती.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ताईला टोमणा मारता यायचाच नाही. मी सलाईनचा वेग कमीजास्त करत तिथं उभी राहिले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

अमरावतीला परतल्यावर मी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. ओपीडी संपली होती. अकोल्याचा रिपोर्ट आणि फोटो त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी चष्मा चढवून पाहिले, आधी समजलं नाही.

“कोणाचे हे?”

“माझ्या ताईचे.”

त्यांनी पुन्हा पाहिले. “मी टोकापर्यंत गेलो नव्हतो का?”

“गेला होता सर. तिथं घाण राहिली होती. ती धुतली नाही. परत येताना घाई झाली.”

त्यांचा चेहरा लाल झाला. “तीस वर्षं करतोय मी हे. तुम्ही मला शिकवणार?” मग एकदम, “आणि दिसलं होतं तर बोलला का नाहीत?”

“तुम्ही सर आहात,” मी म्हणाले. “आणि मलाही घाई होती.”

मी फोटो उचलले आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशी नोकरी जाणार असं धरून घरी गेले. तसं झालं नाही. आठवडाभर त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. तपासण्या तशाच चालू, तितक्याच झपाट्यानं. मग एका सोमवारी तपासणी चालू असताना नळी उजव्या कोपऱ्यात थांबवून त्यांनी हात मागं केला. “पाणी द्या,” म्हणाले. मी पिचकारी दिली. त्यांनी तो कोपरा तीनदा धुतला. त्या दिवशी आमची जेवणं चारला झाली.

त्या आठवड्यात त्यांनी मला रजिस्टरं काढायला लावली. ज्यांच्या घराण्यात हा आजार होता आणि ज्यांना आपण नॉर्मल म्हणून पाच वर्षांची तारीख दिली, अशी नावं. “त्यांना फोन करा. लवकर या म्हणावं.”

“काय कारण सांगू सर?”

“माझं नाव सांगा. डॉक्टरांना पुन्हा नीट पाहायचं आहे म्हणा.”

रोज दुपारी मी फोन करायचे. काही नंबर बंद होते. काहीजण म्हणाले, आम्हाला काही त्रास नाही. एकानं शिव्या दिल्या, तुमचा धंदा चालत नाही म्हणून बोलावून राहिले काय. काही आले, आणि त्यांच्यातल्या तिघांमध्ये पॉलिप सापडले, वेळेत काढले गेले. त्यातली एक बाई जाताना माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला मध्येच धरलं.

दर्यापूरकडच्या एका पेशंटच्या घरी बाईनं फोन उचलला. मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं.

“ते तं गेले,” ती म्हणाली. “दिवाळीच्या आधी.”

“काय झालं होतं?”

“पोटाचंच होतं. तुमच्याकडचा रिपोर्ट चांगला होता, तं आमी आधी मूळव्याधीचंच औषध करत राह्यलो.” मग विचारलं, “पण तुमी आता काहून बोलावून राहिल्या त्याईले?”

मी काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते खिडकीशी उभे होते. वळले नाहीत. दोन महिन्यांनी त्यांनी दुर्बिणीच्या तपासण्या बंद केल्या. डोळ्यांचं कारण सांगितलं. दवाखान्यात छोटा समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. सगळ्यांनी त्यांच्या हलक्या हाताचं कौतुक केलं. ते मान खाली घालून ऐकत होते. मला राग यायला हवा होता, पण बाबांच्या खाटेशी खुर्ची ओढून बसलेला माणूस मला तिथं दिसत राहिला, आणि राग धड येईना.

ताई चौदा महिने जगली. शेवटचे दोन आठवडे मी रजा घेऊन हिवरखेडला होते. तिचं पोट फुगलं होतं, पाय सुजले होते. मेथीची भाजी खावीशी वाटते म्हणायची आणि एक घास घेऊन ताट सरकवायची. भाच्चीला दिवस गेले होते, सातवा महिना. ताई तिच्या पोटावर हात ठेवून पडून राहायची. गेली ती सकाळी दहाच्या सुमाराला. मी तिचे केस विंचरत होते. श्वास दोनदा अडखळला, मग आलाच नाही. तेव्हाही मी आधी नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं, आणि मग बहिणीसारखी ओरडले.

तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी भाऊजी मळ्यात गेले, मी त्यांच्यामागं डबा घेऊन गेले. वांग्याच्या ओळीत ते बसले होते. जेवले नाहीत. मातीत बोटानं रेघा ओढत म्हणाले, “सिस्टर, एक इचारू का?”

“इचारा.”

“त्या रोजी तू आतमंदी होती. तुले तवा दिसलं होतं का काई?”

सव्वा वर्ष मी या प्रश्नाची वाट पाहत होते. मॅडमनी सांगितलेलं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. खोटं बोलणं सोपं होतं. मी त्यांच्यासमोर मातीत बसले.

“गाठ नाई दिसली, भाऊजी. पण तो कोपरा साफ नोयता, अन् डॉक्टरनं तो धुतला नाई, हे दिसलं होतं मले. ताईनं पाणी अर्धंच पेलं होतं, ते बी मले माईत होतं. मी काईच बोलली नाई. वरून रिपोर्टात चांगलं लिवलं.”

“काहून?”

“मोठे डॉक्टर होते म्हून. अन् आमाले साड्या घ्याले जायचं होतं.”

ते माझ्याकडं पाहत राहिले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ते उठले, पाण्याचा दांड मोडून दुसऱ्या वाफ्याकडं पाणी वळवलं, आणि तिकडंच खाली मान घालून काम करत राहिले. मी संध्याकाळच्या बसनं अमरावतीला आले. निघताना त्यांनी दारापर्यंतही सोबत केली नाही.

पाच महिने त्यांचा फोन आला नाही. मी केला तर भाच्ची उचलायची, बाबा मळ्यात आहेत म्हणायची. तिला मुलगी झाली, बारशाला मला बोलावणं आलं नाही. भाच्चीनं फोटो पाठवला, तेवढाच. मी कोणाला दोष देत नव्हते. त्याच काळात मी अकोल्याला जाऊन स्वतःची तपासणी करून घेतली. मॅडमना तीन पॉलिप सापडले, त्यातला एक उजवीकडं, चपटा. काढून टाकला. त्या म्हणाल्या, “आणखी चार-पाच वर्षं गेली असती तर अवघड होतं.” मी टेबलावरून उतरून कपडे करत होते आणि सारखं मनात येत होतं, हे तिच्या वाट्याला यायला हवं होतं. माझ्या नाही.

होळीनंतर एका रविवारी भाऊजींचा फोन आला. आवाज कोरडा होता.

“पोट्टीची तपासणी करायची हाये. अकोल्याच्या मॅडम म्हणते, आईले बी होतं अन् आजोबाले बी, म्हून लवकर करा. तिचं लेकरू लहान हाये, पण मॅडम म्हणते चालते.”

“बरं,” मी म्हणाले. “करून घ्या.”

“तू ये.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आयकून राहिली ना? तू आत उभी राय. अन् या वक्ती काई दिसलं तं बोलजो. कोनी बी डॉक्टर असू दे. बोलजो.”

“बोलीन,” मी म्हणाले.

आदल्या दिवशीच मी हिवरखेडला गेले. भाच्ची तान्ह्या मुलीला पाजत होती, मी तिचं पोट साफ करायचं पाणी कालवलं आणि समोर बसून ग्लासागणिक सगळं संपवायला लावलं. शेवटच्या ग्लासाला ती रडकुंडीला आली. मी तिला सूट दिली नाही. भाऊजी ओट्यावरून ऐकत होते. मध्येच आत आले, नातीला उचललं आणि बाहेर घेऊन गेले, म्हणजे भाच्चीचे दोन्ही हात मोकळे राहतील.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वीस मिनिटं तपासलं. भाच्चीला काही निघालं नाही. पोट स्वच्छ होतं, प्रत्येक कोपरा धुतलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. बाहेर येऊन मी भाऊजींना तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, “तू पायलं?” मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली, नातीला माझ्याकडं दिलं, आणि बाकावर बसून, टोपी तोंडावर धरून, ताई गेल्यावर पहिल्यांदा रडले.